दिलेलें आणि ठेविलेलें



पैशाविषयीं आपल्या भाषेंत जितक्या म्हणी आहेत, तितक्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयावर असतील. 'दाम करी काम' ही म्हण आपण जशी ऐकतों, तशीच 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाहीं' हीहि ऐकतों. पहिलींत द्रव्याच्या सामर्थ्याचें वर्णन आहे. दुसरींत तें सामर्थ्य हातीं असून वायां घालविणाऱ्या कृपणाची थट्टा आहे. या दोहोंच्या मध्यें एक प्रश्न उभा राहतो : हातीं आलेल्या पैशाचा कोणता विनियोग केला असतां माणूस अधिक सुखी होतो? वर्गांत आपण व्याजाचीं आणि नफातोट्याचीं पुष्कळ उदाहरणें सोडवितों. परंतु हें उदाहरण अंकगणिताच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. आज आपण तें सोडविण्याचा प्रयत्न करूं.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पैशाला नांवें ठेवणें हा या लेखाचा हेतु नाहीं. ज्याच्या घरीं संध्याकाळीं चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला 'पैशांत सुख नाहीं' असें सांगणें हा क्रूरपणा होय. विद्वानांनीं या प्रश्नाचा शास्त्रीय रीतीनें विचार केलेला आहे, तो पहा. २०१० सालीं डॅनियल काहनमन व अँगस डीटन यांनीं अमेरिकेंतील लोकांची पाहणी करून असें मत मांडलें कीं, वर्षाला सुमारें ७५,००० डॉलर मिळकत होईपर्यंत मनुष्याचा रोजच्या जीवनांतील आनंद वाढत जातो, व त्यापुढें तो वाढत नाहीं. २०२१ सालीं मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना याहून निराळें आढळून आलें. तेव्हां दोन्ही पक्षांनीं एकत्र बसून आंकडे पुन्हा तपासले, व २०२३ सालीं आपला संयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध केला. बहुतेक लोकांचें सुख मिळकतीबरोबर वाढतच असतें. परंतु जे थोडे लोक इतर कारणांनीं फार दुःखी असतात, त्यांच्या दुःखावर सुमारें १,००,००० डॉलरच्या पुढें पैशाचा इलाज चालत नाहीं, असा तो निष्कर्ष आहे. मतभेद झाला असतां भांडत न बसतां एकत्र शोध करावा, हा त्यांतील दुसरा धडाहि आपण घेण्यासारखा आहे.

तर मग पैसा सुख देतो, हें खरें. परंतु किती देतो, हें पाहिलें पाहिजे. या पाहण्यांवरून असें दिसतें कीं, मिळकत दुप्पट झाली म्हणजे सुखाची एक पायरी चढतां येते; आणि तेवढ्याच उंचीची पुढची पायरी चढण्यास मिळकत पुन्हा दुप्पट व्हावी लागते. दहा हजार मिळविणाऱ्यास पहिल्या पायरीसाठीं आणखी दहा हजार पुरतात. दुसरीसाठीं वीस हजार लागतात, तिसरीसाठीं चाळीस हजार. भूमितिश्रेढीचें गणित ज्यांनीं केलें आहे, त्यांच्या लक्षांत येईल कीं, या जिन्यावर माणूस पुढें पुढें किती धांपा टाकूं लागत असेल.

असें कां व्हावें? याचीं दोन कारणें सहज दिसतात. पहिलें कारण संवय. नवी सायकल घरीं आली म्हणजे पहिल्या आठवड्यांत आपण ती दिवसांतून दोनदां पुसतों. दोन महिन्यांनीं ती पावसांत भिजत उभी असते, आणि आपल्याला त्याचें कांहींच वाटत नाहीं. सायकल तीच असते. तिची आपल्याला संवय झालेली असते. दुसरें कारण तुलना. आपली सायकल चांगली आहे कीं वाईट, हें आपण सायकलीकडे पाहून ठरवीत नाहीं, तर शेजाऱ्याच्या दारांत काय उभें आहे तें पाहून ठरवितों. त्याच्या दारांत मोटारसायकल आली, कीं आपल्या सायकलीचें तेज उतरतें. स्वतःसाठीं विकत घेतलेल्या बहुतेक वस्तूंचें सुख या दोन छिद्रांतून गळून जातें.

आतां पैशाच्या दुसऱ्या उपयोगाकडे वळूं. कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत एलिझाबेथ डन, लारा अकनिन व मायकेल नॉर्टन यांनीं एक साधा प्रयोग केला, व तो २००८ सालीं प्रसिद्ध केला. सकाळीं ४६ जणांना प्रथम त्यांच्या मनःस्थितीविषयीं प्रश्न विचारले आणि मग प्रत्येकाच्या हातीं एक पाकीट दिलें. कांहीं पाकिटांत पांच डॉलर होते, कांहींत वीस. निम्म्या लोकांना सांगितलें कीं, हे पैसे सायंकाळीं पांच वाजण्यापूर्वीं स्वतःसाठीं खर्च करा. उरलेल्यांना सांगितलें कीं, ते दुसऱ्या कोणासाठीं भेट घेण्यांत किंवा दान करण्यांत खर्च करा. सायंकाळीं पुन्हा विचारपूस केली. ज्यांनीं दुसऱ्यांसाठीं खर्च केला होता, ते अधिक आनंदी आढळले. पाकिटांत पांच डॉलर होते कीं वीस, यानें कांहीं विशेष फरक पडला नाहीं.

परंतु या प्रयोगांतील सर्वांत शिकण्याजोगा भाग पुढेंच आहे. त्याच विद्यापीठांतील दुसऱ्या कांहीं विद्यार्थ्यांना विचारलें कीं, या चार प्रकारच्या लोकांपैकीं अधिक सुखी कोण होईल असें तुम्हांला वाटतें? बहुतेकांनीं उत्तर दिलें : वीस डॉलर मिळालेला, आणि ते स्वतःवर खर्च करणारा. म्हणजे दोन्ही बाबतींत उत्तर चुकलें. आपलें सुख कशांत आहे, हें आपल्याला ठाऊकच आहे असें आपण धरून चालतों. आणि बाजारांत जातांना तेथेंच फसतों.

शास्त्रीय गोष्टींत अतिशयोक्ति नसावी, म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ४६ ही संख्या लहान आहे. पुढें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या शोधांत सातशेंहून अधिक विद्यार्थ्यांवर तशाच प्रकारचा प्रयोग करण्यांत आला. दुसऱ्यासाठीं केलेल्या खर्चानें आनंद वाढतो, हें त्यांतहि दिसलें. मात्र ही वाढ बेताची होती. एक भेट दिली आणि आयुष्य पालटलें, असें होत नाहीं. दान ही गुटिका नव्हे. ती रोजच्या जेवणांतील मिठासारखी आहे. थोडें असतें, पण नित्य लागतें.

शिवाय प्रत्येक देण्यांत सारखेंच सुख नसतें. २०१३ सालच्या एका शोधांत लोकांना कॉफीच्या दुकानाचें दहा डॉलरचें कार्ड देण्यांत आलें. कांहींनीं तें कार्ड दुसऱ्यास नुसतें देऊन टाकलें. कांहीं जण मित्राबरोबर दुकानांत गेले, परंतु कार्ड स्वतःसाठींच वापरलें. कांहीं एकटेच गेले व एकटेच प्याले. आणि कांहींनीं दुसऱ्याला बरोबर नेऊन त्या कार्डावर त्याला कॉफी पाजली. सर्वांत आनंदी कोण झाले, हें तुम्हीं ओळखलेंच असेल. देणारा व घेणारा जेथें समोरासमोर बसतात, तेथें दान अधिक फळतें. यावरून आणि अशाच इतर शोधांवरून आपल्याला तीन नियम मिळतात. देणें आपखुषीचें असावें. तें ज्याला दिलें त्याच्याशीं आपलें कांहीं नातें जुळावें. आणि दिल्यानें काय झालें, हें आपल्या डोळ्यांना दिसावें. वर्गणीसाठीं कोणी दारांत हटून बसला व आपण चडफडत नोट काढून दिली, तर या तिहींपैकीं एकहि गोष्ट घडत नाहीं. अशा दानानें घेणाऱ्याचें काम कदाचित् होतें; देणाऱ्याच्या पदरीं मात्र कांहीं पडत नाहीं.

हे नियम आजच्या विद्वानांनीं मांडले. परंतु त्यांचें आचरण फार पूर्वीं आपल्या मुंबईंतच झालेलें आहे. माहीम आणि वांद्रें यांच्या मध्यें खाडी आहे, हें मुंबईस गेलेल्या पुष्कळांनीं पाहिलें असेल. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं ती ओलांडण्यास होडीवांचून गति नव्हती. भरतीच्या वेळीं आणि पावसाळ्यांत तो प्रवास संकटाचाच असे. तेथें रस्ता बांधावा, ही मागणी जुनी होती. पण खर्च सोसण्यास सरकार तयार नव्हतें. तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी बाई आवाबाई यांनीं पुढें होऊन १,५७,००० रुपये दिले. १८४५ सालीं तो रस्ता वाहतुकीस खुला झाला. देणगी देतांना आवाबाईंनीं एक अट घातली होती : या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनहि सरकारनें पथकर घेऊं नये. या अटीकडे तुम्हीं विशेष लक्ष द्यावें, अशी माझी इच्छा आहे. नुसता रस्ता बांधून दिला असता, तर तो गाडीघोडेवाल्यांचा झाला असता. कर माफ करविला, म्हणून डोक्यावर टोपली घेऊन पायीं जाणाऱ्या कोळिणीचाहि तो झाला. पैसे देण्यापूर्वीं ते कोणाच्या पायांखालीं जाणार आहेत, याचा विचार त्या बाईंनीं केला होता. आज त्या वाटेनें जाणाऱ्या असंख्य लोकांपैकीं किती जणांना त्यांचें नांव आठवत असेल, कोण जाणे! परंतु आठवलें नाहीं, तरी रस्ता आपलें काम करीतच आहे.

येथें एक कठीण गोष्ट टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जमशेटजींचा उदारपणा मोठा होता. त्यांच्या नांवाचें रुग्णालय १८४५ पासून गोरगरिबांची सेवा करीत आलें आहे. परंतु त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीन देशाशीं चालणाऱ्या व्यापारांतून आला होता, आणि त्या व्यापारांत कापसाबरोबर अफूहि होती. एका देशांतील रोगी ज्या पैशानें बरे झाले, त्या पैशाचा कांहीं अंश दुसऱ्या देशांतील व्यसनी माणसांच्या नाशांतून आलेला होता. म्हणून दानाचा पाठ अर्धाच शिकूं नये. पैसा कोठें जातो, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच तो कोठून येतो हाहि आहे. मिळवितांना दुसऱ्याचें जें नुकसान केलें, तें नंतरच्या दानानें पुसून निघतें असें मानणें ही स्वतःची फसवणूक आहे. त्याचबरोबर, मिळालेला पैसा तिजोरींत कुजत ठेवण्यापेक्षां लोकांच्या उपयोगीं पडला हें बरें झालें, हेंहि न्यायानें म्हटलें पाहिजे.

दुसरें उदाहरण आपल्याच काळांतील आहे. अमेरिकेंत १९३१ सालीं चार्ल्स फीनी नांवाचा एक मुलगा सामान्य कुटुंबांत जन्मास आला. पुढें १९६० सालीं त्यानें एका भागीदाराबरोबर विमानतळांवरील जकातमुक्त दुकानांचा धंदा सुरू केला, व त्यांत त्याला अपार पैसा मिळाला. १९८२ सालीं त्यानें एक धर्मादाय संस्था काढली, आणि १९८४ सालीं धंद्यांतील आपला जवळजवळ सगळा हिस्सा गुपचूप त्या संस्थेच्या नांवें करून दिला. ही गोष्ट इतकी गुप्त होती कीं, पुढें कित्येक वर्षें लोक त्याला कोट्यधीश समजत राहिले! ज्या संस्थांना साह्य मिळे, त्यांना दात्याचें नांव कळत नसे. इमारतींवर त्याच्या नांवाची पाटी लागत नसे. १९९७ सालीं तो धंदा विकला गेला, तेव्हां ही गोष्ट उघडकीस आली. अमेरिका, आयर्लंड, व्हिएतनाम इत्यादि देशांतील विद्यापीठें, शाळा व रुग्णालयें यांसाठीं त्याच्या संस्थेनें एकंदर आठ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वांटली, आणि वांटण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, तेव्हां २०२० सालीं संस्था विधिपूर्वक बंद केली.

फीनी स्वतः भाड्याच्या घरांत राहत. हातांत स्वस्तांतलें घड्याळ बांधीत. विमानांत साध्या दर्जानें प्रवास करीत. मेल्यावर संपत्ति दुसऱ्यांच्या हवालीं करण्यापेक्षां जिवंतपणींच ती द्यावी, म्हणजे तिचें काय होतें तें पाहतां येतें, अशी त्यांची धारणा होती. २०२३ सालीं, ९२ व्या वर्षीं, ते वारले. मरणानंतर जें आपल्या हातून सुटणारच असतें, तें देण्यांत त्याग थोडा आणि आनंद तर मुळींच नाहीं. कारण तो आनंद घेण्यास आपण नसतों. फीनींनीं तो आनंद आधींच घेतला. याला कोणी वैराग्य म्हणेल. मला तो उत्तम हिशेब वाटतो.

'आवाबाई आणि फीनी यांच्यापाशीं होतें, म्हणून त्यांनीं दिलें. आमच्यापाशीं काय आहे?' असें तुम्ही म्हणाल. या आक्षेपाचें उत्तर देण्यास मला स्वतःच्याच आयुष्यांतील एक गोष्ट सांगावी लागते. ती सांगण्यांत मला भूषण नाहीं.

शिक्षकाच्या पेशांत येऊन मला तेव्हां दुसरेंच वर्ष लागलें होतें. ती शाळा ही नव्हे. माझ्या दहावीच्या वर्गांत वीटभट्टीवरील मजुराचा एक मुलगा होता. अक्षर वेडेंवांकडें, पण गणितांत डोकें चांगलें चाले. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली, तेव्हां एके दिवशीं मधल्या सुट्टींत तो माझ्यापाशीं आला आणि खालीं पाहत म्हणाला, "सर, फीचे पैसे अजून जमले नाहींत. बाबांनीं पुढच्या महिन्यांत देतों म्हणून सांगितलंय." रक्कम तीनशें रुपयांच्या आंतली होती. माझा पगार नुकताच झाला होता, आणि तीनशें रुपये माझ्या खिशांत होते. परंतु प्रत्येक महिन्याला तीनशें रुपये टपालखात्यांत टाकावयाचे, हा मीं स्वतःशीं केलेला नियम होता, आणि त्या नियमाचा मला मोठा अभिमान वाटे. मी त्याला म्हणालों, "अरे, मुख्याध्यापकांना विचारून पहा, कांहींतरी व्यवस्था होईल." मग मी टपालकचेरींत गेलों, आणि पैसे भरून आलों.

मुलगा मुख्याध्यापकांकडे गेला नाहीं. एकदां मागून नकार मिळाल्यावर दुसऱ्यांदां मागण्याचें धैर्य सर्वांनाच होत नाहीं. मुदत गेली. आठवड्याभरानें तो वर्गांत येईनासा झाला, आणि पुढें वीटभट्टीवर दिसूं लागला. तो त्या वर्षीं परीक्षेस बसला नाहीं. त्यानंतरहि बसल्याचें मला ठाऊक नाहीं.

तें जुनें पासबुक अजून माझ्या पेटींत आहे. कधीं कागदपत्रें चाळतांना हातीं येतें. त्या महिन्याची नोंद तींत स्पष्ट आहे : तारीख, शिक्का, तीनशें रुपये. पुढें तें खातें मीं बंद केलें व सगळी रक्कम काढून घेतली. तिचें काय केलें, हें आज मला कितीहि आठवलें तरी आठवत नाहीं. कदाचित् एखादें कपाट घेतलें असेल. कदाचित् प्रवासांत गेली असेल. जे पैसे मीं इतक्या जपून ठेविले, ते कोठें गेले याची मला खबर नाहीं. आणि जे दिले नाहींत, त्यांचा विसर मला एक दिवसहि पडत नाहीं. काटकसर हा सद्गुण आहे, याविषयीं मला आजहि शंका नाहीं. परंतु ज्या गरजेसाठीं काटकसर करावयाची, ती समोर येऊन उभी राहिली असतां ओळखूं न येणें, हा दोष माझा होता.

तेव्हांपासून मीं एक साधी व्यवस्था ठेविली आहे. पगार होतांच त्यांतील एक लहानसा भाग निराळ्या पाकिटांत घालून टेबलाच्या खणांत ठेवितों. त्या पैशावर माझा हक्क नाहीं, असें मी समजतों. कोणी मागावयास आलें, तर त्या क्षणीं स्वतःशीं वाद घालावा लागत नाहीं. वाद पगाराच्या दिवशींच मिटलेला असतो. आजवर त्या पाकिटांतून गेलेली एकंदर रक्कम फार मोठी नाहीं. परंतु घरांतील कोणत्याहि वस्तूकडे पाहून मला जितकें समाधान वाटत नाहीं, तितकें तें पाकीट महिनाअखेरीस रिकामें पाहून वाटतें.

आतां या पाठांतून व्यवहारांत काय न्यावयाचें, तें थोडक्यांत सांगतों.

पहिलें : देण्यापूर्वीं देणें फेडावें. दुसऱ्याचें कर्ज डोक्यावर ठेवून, किंवा घरच्यांना उपाशी ठेवून केलेलें दान हें दान नव्हे. आईवडिलांना न विचारतां त्यांचे पैसे वांटण्यांतहि औदार्य नाहीं.

दुसरें : घेणाऱ्याची मान खालीं जाईल असें देऊं नये. चारचौघांत दिलेली मदत पुष्कळदां घेणाऱ्याला महाग पडते. ज्यानें मागितलें, त्याला मागण्यापूर्वीं किती रात्री झोंप लागली नसेल, याची आठवण ठेवावी.

तिसरें : वेळेवर द्यावें. मुदतीनंतर दिलेले तीनशें रुपये आणि मुदतीपूर्वीं दिलेले तीनशें रुपये यांची किंमत सारखी नसते, हें मी अनुभवानें सांगतों.

चौथें : विचार करून द्यावें. आवाबाईंची अट आठवावी. आपल्या देण्यानें कोणाचें काय होणार आहे, हें आधीं पहावें, आणि शक्य असेल तेथें नंतरहि जाऊन पहावें.

पांचवें : लहानपणींच आरंभ करावा. 'पुढें श्रीमंत झालों म्हणजे देईन' असें म्हणणारा बहुधा पुढेंहि देत नाहीं. कारण श्रीमंतीबरोबर गरजाहि वाढतात, आणि न देण्याची संवय तर त्याहूनहि वाढलेली असते. थेंबे थेंबे तळें सांचतें, ही म्हण पैसे सांठविण्यासाठीं आपण नेहमीं सांगतों. ती मन मोठें करण्यासहि तितकीच लागू आहे.

मित्रहो, या वर्षअखेरीस तुम्हीं एक प्रयोग स्वतः करून पहावा, असें मी सुचवितों. त्याला प्रयोगशाळा लागत नाहीं. एक वही पुरे. चार आठवडे आपल्या खाऊच्या पैशांचा हिशेब लिहा. एका पानावर स्वतःसाठीं केलेला खर्च मांडा, दुसऱ्यावर इतरांसाठीं केलेला. मग तो वर्गमित्राला दिलेल्या पेन्सिलीचा असो, धाकट्या बहिणीला घेतलेल्या शेंगदाण्यांचा असो, किंवा आजीसाठीं आणलेल्या औषधाचा असो. वही मिटून ठेवा, आणि पुढच्या सत्राच्या आरंभीं ती पुन्हा उघडा. दोन्ही पानांवरील नोंदी एकेक वाचून, कोणती आठवते व कोणती आठवत नाहीं, तेवढें समोर लिहा. बेरीज करण्याची आवश्यकता नाहीं. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तुम्हांला तुमच्याच हस्ताक्षरांत मिळेल, आणि तें माझ्या या लेखापेक्षां तुम्हांला अधिक पटेल.